गंधकुटी आणि एक चिनी म्हण

चीनमध्ये एक म्हण आहे. एरवी उदबत्ती लावायची नाही आणि वेळ आली की बुद्धाचे पाय धरायचे! आपण 'तहान लागल्यावर विहीर खणणे' म्हणतो ना, तसंच.

चिनी भाषेत सुगंधाला आणि उदबत्तीला एकच शब्द, 'शियांग'. श्रावस्तीच्या जेतवनात तथागत राहत त्या गंधकुटीलाही चिनी ग्रंथांत 'शियांग-शी', म्हणजे सुगंधाची खोली, म्हटले आहे. ही गंधकुटी आपल्याला परकी नाही. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात पाचव्या शतकातील वाकाटककालीन शिलालेख आहे, त्यात गंधकुटी उभारल्याचा उल्लेख येतो. १९ वे लेणे तीच, असे अभ्यासक मानतात. पुढे इ.स. ६४१ च्या सुमारास चिनी भिक्खू ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला.

धम्म भारतातून तिकडे गेला, म्हण मात्र तिकडे तयार झाली. लागू आपल्यालाच पडते. १४ एप्रिलला विहारात पाय ठेवायला जागा नसते. रविवारच्या वंदनेला बघावं तर दोन-चार आयाबाया, त्यांनीच आणलेली फुलं, त्यांनीच लावलेली उदबत्ती. आम्ही शिकलेले तेव्हा घरीच असतो.