एका सूत्रकृमीची दोन नावे

मातीतल्या सूत्रकृमीची नवी जाती कोणत्या पुराव्यावर मानायची, हा प्रश्न मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉइडोगायनी या प्रजातीत फारच अवघड होतो. डाळिंब, टोमॅटो, वांगी यांच्या मुळांवरची मे. इन्कॉग्निटा याच प्रजातीतली. तिची अंडी फलनाविना वाढतात. ज्यांचे आपापसांत प्रजनन होते ती एक जाती, ही प्राणिशास्त्रातली नेहमीची कसोटी मग तिला लावणार कशी?

उरते शरीर. १९४९ मध्ये चिटवुड यांनी हा गट हेटेरोडेरा प्रजातीतून वेगळा काढला, तेव्हा मादीच्या मागच्या टोकावरील रेषांच्या नक्षीला महत्त्व आले. ही नक्षी पाहणे हे नाजूक हातकाम आहे. गाठ फोडून मिलिमीटरभराचीही नसलेली पांढरी, फुगीर मादी बाहेर काढायची, तिचे मागचे टोक कापायचे, ४५ टक्के लॅक्टिक आम्लात त्याला आतून चिकटलेला ऐवज अलगद झाडून काढायचा आणि उरलेला त्वचेचा तुकडा ग्लिसरिनच्या थेंबात बसवायचा. मात्र बोटांच्या ठशांइतक्या या रेषा पक्क्या नसतात. एकाच मादीच्या संततीतही त्या बदलतात.

याचा परिणाम एका उदाहरणात स्पष्ट दिसतो. १९८३ मध्ये यांग आणि आयझेनबॅक यांनी चीनच्या हायनान बेटावरील एका वृक्षाच्या मुळांतून मे. एंटेरोलोबी वर्णिली. १९८८ मध्ये रम्मा आणि हिर्शमन यांनी प्वेर्तो रिकोतल्या वांग्यावरून मे. मायाग्वेन्सिस ही नवी जाती मांडली. पुढे मायटोकॉन्ड्रियातील डीएनएवरून दोन्ही एकच असाव्यात अशी शंका आली. निकाल लागला २०१२ मध्ये. कार्सेन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जातींचे मूळ प्ररूप-नमुने, म्हणजे ज्यांवरून त्या जाती वर्णिल्या गेल्या ते नमुने, शेजारी ठेवून मापे आणि अवयव ताडले. फरक सापडला नाही, उलट मूळ वर्णनांतल्या विसंगतींचा उलगडा झाला. अग्रक्रमाच्या नियमाने १९८३ चे नाव टिकले.

डीएनएमुळे शंका बळावली, पण नाव रद्द करायला जपून ठेवलेल्या काचपट्ट्याच लागल्या. म्हणून नव्या जातीच्या वर्णनात मी डीएनएच्या क्रमाइतकेच वजन संग्रहालयात ठेवलेल्या प्ररूपांना देतो.

या नावांचा शेतीशी थेट संबंध आहे. मे. एंटेरोलोबीची नक्षी मे. इन्कॉग्निटासारखी दिसते. नक्षीवरच विसंबून तिला इन्कॉग्निटा ठरवले, तर शेतकऱ्याला एमआय जनुक असलेले प्रतिकारक्षम टोमॅटो सुचवले जाईल. आणि एंटेरोलोबी त्या टोमॅटोच्या मुळांवरही गाठी आणते.