माळ्याच्या फळ्या आणि थिबा राजा

गिरगावातली आमची चाळ पाडली, तेव्हा खोलीतल्या माळ्याच्या फळ्या मी ठेकेदाराकडून चक्क विकत घेतल्या. लाकूड आमचंच आणि पैसेही आम्हीच मोजले! "हे भंगार कुठे ठेवणार आहेस?" इति आई. म्हटलं, मांडणी करू.

सुतारकाकांनी आधी फळ्यांवरून लोहचुंबक फिरवलं, कारण लपलेला खिळा लागला तर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. मग रंधा मारला. काळपट थराखालून सोनेरी सागवान निघालं, आणि तो तेलकट वास! "बर्मा आहे हे. आता नाही मिळत," काका म्हणाले. झालं, माझा वीकेंड त्या 'बर्मा'त गेला.

ब्रह्मदेशात सागाचं झाड लगेच तोडत नसत. बुंध्याभोवती खोल गोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं उभ्या-उभ्या वाळू देत, कारण ओलं सागवान पाण्यावर तरंगत नाही. मग हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत नेत आणि पावसाळ्याच्या पुरात ते खाली वाहत जात. जंगलातून रंगूनला पोचायला कधी कधी काही वर्षं लागत. (आणि आपण डिलिव्हरीला दोन दिवस उशीर झाला की चिडतो.)

या धंद्यातली बडी कंपनी म्हणजे १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. आरोप असा, की नेलेल्या ओंडक्यांचे पूर्ण पैसे भरले नाहीत. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. फ्रेंच तिथे हातपाय पसरतील ही खरी धास्ती. नोव्हेंबरात लढाई झाली, जेमतेम दोन आठवडे. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा! थिबा राजाची रवानगी रत्नागिरीला झाली, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला.

शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस पाहिला होता. तेव्हा लाकडाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. आमची चाळ १९१२ ची. म्हणजे हा माळा घातला गेला, तेव्हा तो राजा रत्नागिरीत कैदेतच होता.

असो. मांडणी उभी राहिली. खिळ्यांची भोकं मी बुजवू दिली नाहीत, काका जरा नाराज झाले. खालच्या फळीवर आईने लोणच्याच्या बरण्या मांडल्यात, पूर्वी माळ्यावर असायच्या त्याच.