पंचहौदातला चहा

मी इतिहासाचा पंडित नव्हे. युनियनच्या कचेरीतली जुनी वर्तमानपत्रे आणि हमालांच्या गप्पा, एवढीच माझी पाठशाळा. तेव्हा चहाखेरीज मी दुसरे काय बोलणार?

16 डिसेंबर 1773 च्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी इंग्रजांचा चहा बंदरात बुडवला. ग्रीन ड्रॅगन नावाच्या गुत्त्यात त्यांच्या बैठका होत. चहातून बंड उठले, बंडातून अमेरिका स्वतंत्र झाली. आपल्याकडेही चहाने गदारोळ केला, पण तो निराळा.

ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि नंतर चहाबिस्किटे पुढे आली. मंडळीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता ओठांना लावला. गोपाळराव जोशांनी सर्वांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून टाकली. झाले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. 1892 मध्ये रानड्यांनीही घेतले. आपल्यापायी स्नेह्यांच्या घरी त्रास नको म्हणून. ज्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ते हेच रानडे. सरकारला न भिणारी ही माणसे एका पेल्यापुढे वाकली! मी त्यांना हसत नाही. पंगतीतून उठवले जाण्याचे भय तुरुंगाहून मोठे असते.

मुंबईच्या गिरण्यांत हेच भय धोट्यात शिरले होते. कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणून विणाई खात्यात, जिथे पगार चांगला, तिथे अस्पृश्यांना मज्जाव. 1928 चा संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. ही बंदी उठवण्याची मागणीही संपात घ्या, असे डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले. मालकाविरुद्ध एक झालेली माणसे धाग्यापाशी मात्र दोन होती.

फार लांब कशाला जाऊ? तीसएक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावी मी हमालांची पहिली सभा घेतली. संपाला सगळे हात वर झाले. मग आम्ही टपरीवर गेलो. चौघांनी न सांगता बाहेर खुंटीला टांगलेले कप काढले, विसळले आणि उकिडवे बसले. बाकीचे बाकावर. मीही बाकावरच होतो, आणि चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी ते चौघे कामावर हजर! विचारले तर एक म्हणाला, "दादा, संप तुमचा हाय."

त्यानंतर आम्ही मजुरीचे बोलणे बाजूला ठेवले आणि त्या टपरीवर जाणे बंद केले. आठ दिवस टपरीवाला माशा मारीत बसला. नवव्या दिवशी कप आत आले. मजुरी वाढायला आणखी दोन महिने लागले.