उलाळ गाडी आणि सरासरी माणूस

या मालेत आपण यंत्रांचा इतिहास तत्त्वज्ञानाच्या बाजूने तपासतो आहोत. आजचा विषय ऐकून कुणाला हसू येईल: स्पोर्ट मोटारसायकलचे शॉकअप आणि उंच, वजनदार माणूस. पण भंडारा जिल्ह्यात बसून या विषयाकडे बघायला आपल्यापाशी एक चांगलं साधन आहे, ते म्हणजे बैलगाडीची भाषा.

धानाची पोती भरताना धुरकरी दोन शब्द वापरतो: उलाळ आणि धुरजड. भार मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. ती गाडी उलाळ. भार पुढे जास्त झाला की जू मानेवर दाबतं, ती धुरजड. अशा वेळी धुरकरी बैलांना दोष देत नाही. एखादं पोतं सरकवतो, नाहीतर स्वतः पुढेमागे सरकून बसतो. गाडी आणि भार यांचा मेळ दर फेरीला नव्याने बसवायचा असतो, ही गोष्ट त्याच्या कामातच मुरलेली आहे.

मोटारसायकलीत हा मेळ कुणाच्या हातात गेला, ते आता पाहू.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारसायकलींना मागे स्प्रिंग नव्हतीच. मागचं चाक थेट सांगाड्यात बसवलेलं; हाडांना आधार काय तो सीटखालच्या स्प्रिंगांचा. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीला तेलाने धक्का आवरणारे, नळीत नळी सरकणारे पुढचे शॉकअप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉयल एनफिल्डच्या बुलेटला मागे हलता दांडा, म्हणजे स्विंगआर्म, आणि दोन शॉकअप मिळाले. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तीच बुलेट आपल्या रस्त्यांवर रुळली.

पण स्प्रिंग आली तसा एक प्रश्नही आला: ती कुणाच्या वजनासाठी बनवायची? रॉबर्ट हूकने १६७८ साली सांगून ठेवलंय की जितका भार, तितक्या प्रमाणात स्प्रिंग दबते. म्हणजे कारखान्याला कुणीतरी एक माणूस गृहीत धरावाच लागतो. युरोपच्या नियमांत तो चालक ७५ किलोचा धरतात. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. एका साच्यातून लाखो गाड्या काढायच्या तर दुसरा उपाय नसतो.

आता १०५ किलोचा, सहा फुटांवरचा एखादा तरुण त्या गाडीवर बसवा. जादा वजन ३० किलो. त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे २० किलो, मागच्या चाकावर आले असं धरू. चाकापाशी दर मिलिमीटरला २ किलो असा स्प्रिंगचा हिशेब असेल, तर गाडीची मागची बाजू १० मिलिमीटर आणखी खाली बसते. एवढ्याने काय होतं? पुढचा भाग त्या मानाने उचलला जातो, हँडल जड वाटतं, वळणात गाडी बाहेर ओढते. खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतं. रात्री साकोलीच्या पुढे जंगलाच्या रस्त्यावर हेडलाइटचा झोत वर जातो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचा रस्ता नीट दिसत नाही. बघा, गाडी उलाळ झाली. पण आता भार सरकवायला जागा नाही. मग तो पोरगा म्हणतो, "मलाच चालवता येत नाही." घरचे म्हणतात, "वजन कमी कर." यंत्राचं न जुळलेलं माप असं माणसाच्या शरीराचा दोष होऊन बसतं. आमच्या मते यातली खरी हानी ही आहे.

सरासरीचा हा घोळ एका हवाई दलानेही अनुभवला. अमेरिकेच्या गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांच्या शरीराची मापं तपासून १९५२ साली अहवाल दिला. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. सगळ्यांसाठी म्हणून केलेली बैठक नेमकी कुणाचीच नव्हती. पुढे बैठका आणि पेडल सरकते करण्यावर भर आला.

मोटारसायकलीत हे सरकतेपण कसं वापरायचं? आधी मोजायचं. गाडी मागून उचलून चाक मोकळं लोंबू द्या आणि चाकाच्या आसापासून सरळ वर एका ठरलेल्या खुणेपर्यंत टेप लावा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून चालवायच्या पवित्र्यात बसा. एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने पुन्हा मापावं. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग, आपण त्याला बसण म्हणू. रस्त्यावरच्या स्पोर्ट गाडीला मागे साधारण ३० ते ३५ मिलिमीटर बसण ठीक. जास्त आली तर प्रीलोडचं कडं आवळायचं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. कडं आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही; ती आधीच थोडी दाबलेली राहते आणि गाडी उंच उभी राहते, इतकंच. कडं शेवटपर्यंत आवळूनच माप जुळत असेल आणि माणूस उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जराही दबत नसेल, तर तिला जास्त ताकदीची स्प्रिंगच हवी. अशी स्प्रिंग जोरात उसळते, म्हणून रिबाउंडचा स्क्रू असेल तर तोही एकेक टिचकी आवळावा लागतो. उंचीचा प्रश्न वेगळा. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे ब्रेक मारताच पुढच्या चाकावर भार जास्त येतो. पुढची स्प्रिंगही तपासावी लागते. गुडघ्यांना जागा मात्र शॉकअप देत नाही, ती सीट आणि फुटरेस्टमधूनच काढायची. आणि एका वेळी एकच बदल, वहीत नोंद करून. नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

२०१२ साली चाकणला बनलेली ड्यूक २०० आपल्या बाजारात आली आणि मध्यमवर्गी घरांत स्पोर्ट गाडीची भाषा शिरली. २०२१ साली टीव्हीएसने अपाचे आरआर ३१० साठी पुढचे-मागचे शॉकअप जुळवून घेता येतील असा संच जादा पैशांत देऊ केला. धुरकऱ्याला फुकट मिळणारं स्वातंत्र्य अशा रीतीने किंमत लावून परत आलं.

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी हा भेद केला होता. दहा माप अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून प्रत्येकाला सहा द्यावं असं ठरत नाही. मिलो पहिलवानाला ते कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. आकड्यांचा मध्य एक, आपल्यापुरता मध्य दुसरा. पहिला कारखान्याने काढून दिलेला असतो. दुसरा ज्याचा त्याने शोधायचा.

तो शोध महागच असतो असंही नाही. मागे दोन शॉकअप असलेल्या बहुतेक साध्या गाड्यांनाही स्प्रिंगच्या बुडाशी खाचांचं कडं असतं. बायको मागे बसली, तांदळाचा कट्टा लादला, तर ते एकदोन खाचा चढवायचं. एकटे परतताना उतरवायचं, दोन्ही बाजूंना सारखंच. कित्येक गाड्यांचं हे कडं शोरूममधून निघाल्यापासून एकदाही फिरलेलं नसतं. आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीचं बघा. आता प्रश्न घेऊ.