'यमुनापर्यटन' : वाटेत राहिलेल्या विधवा

बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख सारेच करतात, वाचणारे थोडे. मलाही हा लेखक वाङ्मयेतिहासातील नावापलीकडे अपरिचितच होता. धर्मप्रचाराचे पुस्तक म्हणून ते बाजूला सारणे सोयीचे असते, आणि प्रचार त्यात आहेच. परंतु पती विनायकासह प्रवास करताना यमुनेला जागोजागी विधवांच्या हकिकती कळतात, तेथे उपदेशक मागे पडतो.

खरा प्रश्न शेवटाचा आहे. वैधव्य आल्यावर यमुना बाप्तिस्मा घेते, मग ख्रिस्ती पुरुषाशी विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच संमत झाला होता. तरीही लेखक हा सुखान्त हिंदू घरात घडवीत नाही. यास केवळ मतप्रसाराचा हट्ट म्हणावे काय? मला त्यात तत्कालीन समाजाचे निदानही दिसते : कायद्याची मुभा स्वीकारणारे घर त्याला आसपास दिसत नसावे.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने केले. त्यानंतर ही कादंबरी पुन्हा उघडली, तेव्हा यमुनेच्या विवाहापेक्षा वाटेत मागे राहिलेल्या त्या विधवांपाशीच मी अधिक रेंगाळलो.