स्कॉनची कुळकथा

राजांच्या वंशावळी आम्ही मास्तरलोक पोरांकडून घोकून घेतो. भाकरीची वंशावळ मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. लढाईचे साल, सेनापतीचे नाव, तहाची कलमे हे सारे कागदावर सापडते. परंतु त्या लढाईच्या सकाळी शिपायाने काय खाल्ले, ते कोणत्या धान्याचे होते आणि कोणाच्या हातांनी भाजले गेले, असे विचारले की बखरी मुक्या होतात. इंग्रजांच्या चहाच्या टेबलावर दिसणारा स्कॉन हा असाच एक मुका साक्षीदार आहे. पावापेक्षा ठिसूळ, नानकटाईपेक्षा मऊ असा हा लहानसा गोल पदार्थ. मधोमध उकलायचा आणि लोणी-मुरंबा लावून खायचा. त्याचे कूळ शोधीत गेले, तर वाट राजवाड्याकडे वळत नाही. ती स्कॉटलंडातल्या धुरकट झोपडीतल्या चुलीपाशी जाऊन थांबते.

प्रथम नावाचाच वाद पाहा. स्कॉटलंडात आणि उत्तर इंग्लंडात त्याला 'स्कॉन' म्हणतात, दक्षिणेकडचे पुष्कळ लोक 'स्कोन' म्हणतात, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना अडाणी समजतात. स्कॉट राजांचा राज्याभिषेक ज्या शिळेवर होई ती शिळा ज्या गावची, त्या गावाचे नाव लिहायचे याच अक्षरांनी. उच्चार मात्र 'स्कून'. साहजिकच, खाद्याचे नाव त्या शिळेवरून पडले अशी एक लोककथा आहे. पहिल्या एडवर्डने 1296 साली नेलेली ती शिळा 1996 साली स्कॉटलंडात परत आली. पण खाद्याशी तिचे नाते काही सिद्ध झाले नाही. विद्वानांचा कल जुन्या डच भाषेतल्या 'सुरेख पांढरा पाव' अशा अर्थाच्या शब्दाकडे आहे. हा शब्द प्रथम आढळतो तो गॅव्हिन डग्लस या कवीने केलेल्या व्हर्जिलच्या महाकाव्याच्या स्कॉट अनुवादात. हा अनुवाद 1513 च्या जुलैत पुरा झाला. सप्टेंबरात फ्लॉडनच्या रणांगणावर स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आणि त्याचे हजारो लोक कापले गेले. फ्लॉडन इतिहासात गेले. स्कॉन चुलीपाशीच राहिला.

त्या काळचा स्कॉन आजच्यासारखा फुगलेला नव्हता. थंड, ओल्या, खडकाळ मुलखात गहू नीट पिकत नसे. पिके ओट आणि जव. या पिठांत गव्हाचा चिवटपणा नाही, म्हणून त्यांचा पाव फुगत नाही. आपल्या ज्वारीची जी प्रकृती तीच ओटची. शिवाय गरिबाच्या घरी पाव भाजायची भट्टी कुठली? होता तो लोखंडाचा जाड, सपाट तवा. त्याला तिकडे 'गर्डल' म्हणतात. त्याच्या कमानदार मुठीला आकडा अडकवून तो विस्तवावर टांगीत. फाइफ प्रांतातल्या कूरस गावच्या लोहारांना असे तवे घडविण्याचा मक्ता सहाव्या जेम्स राजाने 1599 साली दिला होता. तवा घडविण्यासाठी राजाची सनद लागावी, यावरून त्या संसारात तव्याचे मोल काय होते ते ध्यानात यावे. त्यावर थापलेली मोठी गोल भाकरी म्हणजे 'बॅनक'. ती चौघांसाठी चार तुकड्यांत कापीत. त्या चतकोराला नाव 'फार्ल'. चतकोराला स्वतंत्र शब्द असणारी भाषा भुकेची ओळख असलेल्यांचीच असते. आपलीही तशीच आहे.

या धान्याची थट्टाही झाली. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात ओटचा अर्थ देताना, इंग्लंडात जे घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे जगतात, अशा आशयाचा टोमणा मारला. ज्वारी-नाचणीच्या भाकरीवर वाढून शहरात आलेल्या आपल्या मुलाला पोळी खाणाऱ्यांच्या पंगतीत जे ऐकावे लागे, त्याच जातीचे हे बोल. माणसाला हिणवायचे तर आधी त्याच्या ताटाला हिणवावे, ही रीत फार जुनी.

स्कॉनचे रूप पालटले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते पालटविले खाण्याच्या सोड्याने. मिठापासून सोडा करण्याची कृती फ्रान्सच्या निकोलस लब्लांक याने 1791 साली सिद्ध केली, आणि पुढे सोडा स्वस्त झाला. लोणी काढल्यावर उरलेले आंबट ताक घरोघर होतेच. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ हलके होते. आपल्या गृहिणींना हे नव्याने सांगायला नको. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1843 साली बेकिंग पावडर तयार केली ती, पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. यीस्टच्या पिठाला फुगायला तासन्‌तास लागत. आता चहाचे आधण ठेवून पीठ मळायला घ्यावे, इतके काम सोपे झाले. पण या हलकेपणाची किंमत कोणीतरी मोजीतच होते. सोड्याच्या कारखान्यांतून आम्लाची वाफ सुटे, तिने आसपासची झाडे आणि शेते करपून जात. अखेर 1863 साली पार्लमेंटला कायदा करून ती वाफ आवरावी लागली.

आता चहाकडे वळू. चीनच्या चहावरचा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता 1833 च्या कायद्याने सुटला. आसामच्या चहाचा लिलाव लंडनात प्रथम 1839 साली झाला. बेडफर्डची डचेस ॲना हिने 1840 च्या सुमारास तिसऱ्या प्रहरच्या चहाची प्रथा पाडली असे सांगतात. चहाबरोबर काहीतरी हवे. त्या जागी स्कॉन जाऊन बसला. 1846 साली परदेशी धान्यावरचे जबर कर उठविण्याचा कायदा झाला, आणि पुढे पांढरे गव्हाचे पीठ सामान्यांच्याही आटोक्यात आले. त्याच 1846 साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. एकीकडे स्कॉन दिवाणखान्यात शिरत होता. दुसरीकडे त्याची मूळची माणसे जहाजात बसून देशोधडीला लागत होती.

या माणसांनी बॅनक दूरवर नेला. हडसन बे कंपनीच्या चाकरीत ऑर्कनी बेटांवरचे पुष्कळ लोक कॅनडात गेले, तिथल्या मूळ रहिवाशांत मिसळले, आणि बॅनक त्यांच्याही चुलीवर आला. पुढे रानगव्यांचे कळप माणसांनी नामशेष करीत आणले. 1871 पासूनच्या तहांनी जमिनी गेल्या, आणि शिकारीवर जगणाऱ्यांच्या हाती सरकारी शिध्याचे पीठ आणि चरबी आली. त्यातून त्यांनी जे भाजले तो बॅनकच. आज त्यांच्यातले काही त्याला आजीच्या मायेची खूण मानतात, तर काही गुलामगिरीची. दोघांचेही खरे आहे. एकच भाकरी मायेची आणि दुःखाची असू शकते, हे दुष्काळ पाहिलेल्या कोणालाही पटेल.

खुद्द ब्रिटनवरही पिठाच्या टंचाईची पाळी आली. महायुद्ध संपल्यावर, 1946 च्या जुलैपासून 1948 च्या जुलैपर्यंत, तिथे पाव आणि पीठ रेशनवर होते. त्यानंतर साडेअकरा वर्षांनी, 1960 च्या जानेवारीत, राणी एलिझाबेथने अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना आपल्या हाताच्या 'ड्रॉप स्कॉन'ची कृती पत्राने कळविली. आदल्या वर्षी ते बॅल्मोरलला पाहुणे होते. कृती सोळा माणसांची होती; माणसे कमी असली तर पीठ-दूध कमी घ्यावे, हेही तिने कळविले होते. झोपडीतली भाकरी राणीच्या पत्रापर्यंत पोचली ती अशी.

कृती तशी सोपीच आहे. पिठात सोडा आणि मीठ घालावे, थंड लोणी बोटांच्या अग्रांनी चोळावे, ताक ओतून गोळा होईल इतकेच हलवावे, आणि पीठ जाडसर थापून, वाट्या पाडून, कडक आचेवर भाजावे. फार मळले की गव्हाचा चिवटपणा जागा होतो आणि स्कॉन दगड होतो. हे कोणी पुस्तकात लिहिण्याच्या कितीतरी आधी बायकांच्या बोटांना कळले होते. त्यांतल्या एकीचेही नाव उरलेले नाही.

ज्या ओटची जॉन्सनने थट्टा केली तो आज डॉक्टर श्रीमंतांना सकाळी खायला सांगतात. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि ज्वारीची भाकरी बड्या हॉटेलांच्या ताटात मानाने येऊन बसली. धान्याला प्रतिष्ठा मिळाली, याचा आनंदच आहे. पण ती भाकरी पिढ्यान्‌पिढ्या थापणाऱ्या हातांना ती अजून मिळायची आहे; आणि इतिहास शिकविणाऱ्यांनी ते देणे आपल्याकडे आहे असे समजावे.