मोलकरणीचा ऑस्कर आणि मालकिणीचे घर

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबेसेडर हॉटेलात हॅटी मॅकडॅनियल या चरित्र अभिनेत्रीला सहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. हॉलिवूडचा उदारपणा सांगायचा झाला की ही घटना हमखास सांगितली जाते. पण त्या रात्री हॅटी कुठे बसली होती, हे सांगायचे सोयीस्करपणे राहून जाते. त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याला तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली. तिला बसवले तेही बाकीच्या कलावंतांपासून दूर, भिंतीकडेच्या एका छोट्या टेबलावर. सन्मान केला, पण पंगत वेगळी ठेवली! वेगळी पंगत म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

हॅटीचा जन्म १८९३ सालचा, कॅन्सस राज्यातील विचिटाचा. तिचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. वडील अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले होते. तेरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. भावाच्या फिरत्या नाटकमंडळीत ती गायली, नाचली, लोकांना हसवले. पुढे डेन्व्हरमध्ये रेडिओवर गायली. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि काम बंद पडले. मिलवॉकीच्या एका क्लबात तिने स्वच्छतागृहातली नोकरी धरली आणि नंतर तिथल्याच मंचावर गाणे मिळवले. १९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. सिनेमात काम नसेल तेव्हा ती लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करी आणि सिनेमात काम मिळाले, तेही मोलकरणीचेच! कितीतरी चित्रपटांत तिचे नावसुद्धा पडद्यावर आले नाही.

ऑस्कर मिळाला तो ‘गॉन विथ द विंड’ मधल्या ‘मॅमी’ या गुलाम दाईच्या भूमिकेसाठी. डिसेंबर १९३९ मध्ये या चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात थाटात झाला. जॉर्जिया राज्यातल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे हॅटीला त्याला जाता आले नाही. पडद्यावर गोऱ्या मालकिणीला हक्काने दटावणाऱ्या बाईला त्या मालकिणीशेजारी खुर्ची मिळू शकली नाही.

या भूमिकेवर कृष्णवर्णीयांच्या चळवळीतून कडक टीका झाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट यांनी तर १९४२ मध्ये स्टुडिओंच्या प्रमुखांना भेटून अशा साचेबंद भूमिका थांबवण्याचा आग्रह धरला. टीका योग्यच होती. गुलामाचा जीव मालकावर जडलेला असतो, ही मालकाची सर्वांत आवडती गोष्ट आहे. ती रंगवून सांगितली की गुलामी ही गुलामी वाटतच नाही. पण हॅटीचे उत्तरही तिच्या नावाने प्रसिद्ध आहे. खरी मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर मिळवण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून सातशे मिळवलेले काय वाईट, असा त्याचा आशय. जिने दोन्ही कामे केली होती, तिचे हे म्हणणे उडवून लावता येत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या वादात दोन्ही बाजूंना काळीच माणसे का उभी होती? ज्यांनी पटकथा लिहिल्या, पैसा लावला, भूमिका वाटल्या, ते गोरे मालक या भांडणात कुठेच नव्हते. बाईपुढे एकच दार उघडे ठेवायचे आणि मग त्या दारातून ती गेलीच का, असे तिलाच विचारायचे, हा व्यवस्थेचा जुना डाव आहे. चळवळीने भूमिकेवर जरूर हल्ला करावा, पण भूमिका वाटणाऱ्याला मोकळे सोडून नव्हे.

आणि ही ‘मोलकरीण’ प्रत्यक्षात कशी होती? सिनेमाच्या कमाईतून तिने लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स भागात मोठे घर घेतले. ही वस्ती पुढे ‘शुगर हिल’ म्हणून ओळखली गेली. तिथल्या जमिनीच्या करारांत अट होती की गोऱ्यांखेरीज कुणाला घर विकायचे नाही. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी काळ्या घरमालकांना बाहेर काढण्यासाठी कोर्टात दावा लावला. हॅटीने शेजाऱ्यांना एकत्र केले आणि स्वतःच्या घरी बैठका घेतल्या. वकील लॉरेन मिलर यांनी बाजू लढवली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी अमेरिकन संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन तो दावा फेटाळला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, अशा अटींची अंमलबजावणी कोर्टांना करता येणार नाही, असा निकाल दिला.

या निकालानंतर काही महिन्यांतच, १९४६ साली, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण अस्पृश्यांच्या वतीनेही तसे पाऊल टाकण्याचा विचार चालू होता. दोन्हीकडची माणसे मेहेरबानी मागत नव्हती. कायद्याने बांधलेला हक्क मागत होती.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी हॅटी कर्करोगाने गेली. हॉलिवूड दफनभूमीत आपल्याला पुरावे, ही तिची इच्छा होती. ती नाकारली गेली, कारण तिथे काळ्यांना जागा नव्हती. ऑस्कर मिळालेल्या बाईला मेल्यावरही वेगळीच माती! तिथे तिचे स्मारक उभे राहायला १९९९ साल उजाडले. मृत्युपत्राने तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले ऑस्करचे पदकही पुढे हरवले. त्याच्या जागी नवे देण्यात आले ते २०२३ मध्ये.

म्हणूनच हॅटीची आठवण केवळ ‘पहिली काळी ऑस्करविजेती’ एवढ्यावर उरकू नये, असे आम्हाला वाटते. सन्मान देणारा तो भिंतीकडेच्या टेबलावर बसवूनही देऊ शकतो. पदक हरवू शकते. पण १९४५ चा निकाल तिने शेजाऱ्यांना सोबत घेऊन लढून मिळवला होता. त्यासाठी तिला कुणाची खास परवानगी काढावी लागली नव्हती.